थोरल्या साडूंचा कॉम्प्युटर

खानदेशात आजवर जितकी माणसं जन्माला आली, त्यांत संशयाच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरील असा एकही माणूस झाला नसेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. हे वाक्य त्यांच्या कानावर गेलं असतं, तर "छातीवर हात कशाला? वरच्या खिशात काय आहे?" असं त्यांनी आधी विचारलं असतं. धुळ्याच्या स्टँडवर 'जळगाव' अशी पाटी लावलेल्या गाडीत बसण्यापूर्वी ते ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला विचारायचे, आणि दोघांचं संगनमत असू शकतं म्हणून शेवटी खिडकीतल्या एखाद्या म्हातारीला विचारायचे. कंडक्टरनं दिलेलं तिकीट उजेडात धरून पाहायचे. बाजारात टरबूज विकत घेताना विकणाऱ्यानं जे वाजवून पुढं केलं ते हमखास नाकारायचे आणि त्यानं मागं सारलेलं उचलायचे, त्यामुळे त्यांच्या घरी मी गोड टरबूज कधी खाल्लं नाही. माझी मोठी मेहुणी, म्हणजे आमची अक्का, सांगायची की अंतरपाट दूर झाल्यावर यांनी हार घालण्याआधी भटजींना हळूच विचारलं होतं, "मुलगी तीच आहे ना?"

सगळे त्यांना नाना म्हणत. धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीत ते स्टोअरकीपर होते. बेअरिंग, पट्टे, तेलाचे डबे यांच्या राशीत त्यांची उमर गेली आणि जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी पळवण्यासाठीच जन्माला आली आहे, हे तत्त्वज्ञान तिथंच पक्कं झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली. पन्नाशीला टेकलेला माणूस आता घरी बसून अक्काच्या डाळीतले खडे मोजणार, अशी आम्हा सगळ्यांना धास्ती होती. पण नानांनी एक दिवस घराच्या पुढल्या खोलीत कॉम्प्युटर आणून ठेवला आणि बाहेर 'येथे मराठी-इंग्रजी टायपिंग करून मिळेल' अशी पाटी लावली. ज्या माणसाचा सख्ख्या भावावर भरवसा नव्हता त्यानं झाकणाच्या आत काय चाललंय हे दिसत नाही असं यंत्र का घ्यावं, हे मला कधीच उमगलं नाही. मी तेव्हा जळगावात एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटरची दुरुस्ती आणि देखभाल शिकवत होतो. त्यामुळे नानांचं यंत्र शिंकलं तरी मला एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचावं लागे.

दुरुस्तीला बसलो की नाना मागं उभे राहायचे. हातात टॉर्च. वरवर पाहता तो मला उजेड मिळावा म्हणून, पण झोत यंत्रावर कमी आणि माझ्या बोटांवर जास्त असायचा. पहिल्यांदा मी कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा आतल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका दिसला. मेमरीच्या पट्टीवर ठिपका, कार्डावर ठिपका, पंख्याच्या पात्यावरसुद्धा ठिपका. नेलपॉलिश. कुणी भाग बदलला तर कळावं, म्हणून नानांनी स्वतः दुकानात जाऊन बाटली आणली होती. अक्कानं जन्मात नखं रंगवली नव्हती. तिला जेव्हा शेजारणीनं सांगितलं की तुझे मालक लाल नेलपॉलिश विकत घेताना दिसले, तेव्हा घरात दोन दिवस उलट दिशेनं संशय वाहत होता. "त्या दोन दिवसांत मला कळलं," नाना नंतर म्हणाले, "संशय घेणं सोपं आहे, सोसणं कठीण." पण हे कळण्याचा त्यांच्यावर त्या वेळी काही परिणाम झाला नाही.

एकदा यंत्र सारखं आपोआप बंद पडू लागलं. आत गरम होत होतं हे उघड होतं. मी म्हटलं, नाना, मी ते जळगावला क्लासवर घेऊन जातो, नीट उघडून साफ करून आणतो. नाना बरं म्हणाले. मला त्या 'बरं'चाच संशय यायला हवा होता. मी चहा घेईपर्यंत त्यांनी हातगाडीवर कॅबिनेट चढवलं आणि कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानात नेऊन मोठ्या काट्यावर त्याचं वजन करून आणलं. आठवड्यानं मी ते परत आणलं तेव्हा पुन्हा काट्यावर. या खेपेला वजन भरलं कमी. अगदी नजरेत येण्याइतकं कमी. दुकानदारानं जिभेनं च्यक केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझी मलाच शंका आली. नानांना राग आला की त्यांची शहरी मराठी गळून पडायची आणि आतली अहिराणी वर यायची. "मी सांगस तुले," ते दुकानदाराला म्हणाले, "बठ्ठा चोर शेतस. साडू शे तरी चोर शे." सगळेच चोर, साडू असला तरी चोर, हे ऐकून मी मुकाट्यानं पिशवीतून प्लॅस्टिकचा एक पुडा काढून पारड्यात टाकला. पंख्यातून, पॉवर सप्लायच्या जाळीतून आणि कानाकोपऱ्यांतून निघालेली धूळ आणि कापसाचा गच्च पिंजलेला लगदा मी क्लासमधल्या विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून राखून ठेवला होता. धुळ्यात जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत कापूस उडतो आणि यंत्राचा पंखा तो इमानेइतबारे ओढून घेतो. पुडा पडताच काटा जागेवर आला. नानांनी माझी माफी मागितली नाही. पण त्या दिवसापासून ते यंत्रावर अक्काच्या जुन्या लुगड्याची खोळ घालू लागले आणि महिन्याला ब्रशनं जाळी झाडू लागले. मी शिकवलेल्या कुठल्याही विद्यार्थ्यानं यंत्राची इतकी निगा राखली नाही.

पुढं कधीतरी बोर्डावरची छोटी बॅटरी संपली. बॅटरी गेली की यंत्र दिनांक विसरतं आणि सुरू करताच १ जानेवारी १९८० दाखवतं. हे साधं सत्य मी नानांना तीन प्रकारे समजावलं. ते खुर्चीत मागं रेलून पडद्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "ज्याला आज वार कोणता ते ठाऊक नाही, तो माझ्या फायली सांभाळणार?"

तरीही खरं सांगायचं तर त्यांच्या संशयांपैकी निम्मे शहाणपणाचे होते. अर्थिंग नीट आहे की नाही हे ते रोज टेस्टर लावून पाहायचे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात तुळशीच्या आधी पाणी घालायचे. कॅबिनेटला हात लावण्यापूर्वी बोटांची उलटी बाजू टेकवून पाहायचे, झटका बसलाच तर हात चिकटू नये म्हणून. परक्याची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत जाऊ द्यायचे नाहीत. ती आणणाऱ्याला ओसरीवर बसवून, ही याआधी कुणाच्या यंत्रात गेली होती, तिथं आणखी कोण यायचं, अशी चौकशी करायचे. एका तरुण वकिलानं वैतागून मला सांगितलं होतं, की मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या कुळाची एवढी चौकशी झाली नव्हती. पण त्या सुमारास निम्म्या धुळ्याच्या कॉम्प्युटरांत व्हायरस शिरला, तेव्हा नानांचं यंत्र ठणठणीत होतं.

टायपिंग करायला त्यांनी एक मुलगी ठेवली होती. करुणा तिचं नाव. बी.ए. झालेली, शांत, बोटं विजेसारखी. तिचे वडील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. नाना तिला मॅडम म्हणत आणि अहो-जाहो करत. तो आदर होता की सावधगिरी, हे सांगता येत नाही. मॅडम मराठी कीबोर्डावर काय टाइप करतात हे समोर बसून पडद्यावर पाहता यावं, म्हणून नानांनी तिच्या मागच्या भिंतीवर आरसा लावला होता. आरशात अक्षरं उलटी दिसतात हे त्यांच्या ध्यानात आलं नाही असं नव्हे. ते उलटी वाचायला शिकले. करुणानं तक्रार केली नाही. एकदा मी विषय काढला तर ती म्हणाली, "काकांचा त्रास नाही हो. ते सगळ्यांशीच तसे आहेत. माझ्यापुरते वेगळे असते तर गेले असते मी." या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी पुरता कळला नाही.

नानांच्या या कीर्तीचा एक फायदा झाला. हा माणूस स्वतःच्या सावलीलाही काही दाखवत नाही, हे गावभर ठाऊक असल्यामुळे एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी सहामाही परीक्षेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम त्यांना दिलं. नानांनी बंदोबस्त असा केला, की दिवसाचं काम संपलं की फायली दोन नव्या कोऱ्या फ्लॉप्यांवर घ्यायच्या आणि यंत्रातून पुसून टाकायच्या, म्हणजे यंत्राला हात लावणाऱ्याला काही सापडायला नको. फ्लॉप्या एका लाकडी पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली कुठं, ते फक्त नानांना माहीत.

छपाईच्या दिवशी मुख्याध्यापक स्वतः येऊन बसले. करुणानं पहिली फ्लॉपी घातली. यंत्र खरखरलं आणि फ्लॉपी वाचता येत नाही असं म्हणालं. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच. पेटीतल्या सगळ्या फ्लॉप्या कोऱ्या पाटीसारख्या झाल्या होत्या. नानांनी पेटीचं कुलूप उलटंपालटं करून पाहिलं. मग मुख्याध्यापकांच्या देखत त्यांनी विचारलं, की मॅडम, या फ्लॉप्या कुठं गेल्या होत्या? कुणाकडे दिल्या होत्या? करुणा म्हणाली, पेटी तुमची, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडे. नाना म्हणाले, "म्हणूनच विचारतो. माझ्या हातून तर काही झालेलं नाही."

ती उठली. कीबोर्डावर खोळ घातली, डबा घेतला आणि निघून गेली. अशा वेळीसुद्धा तिनं खोळ घातली, हे अक्कानं मला फोनवर दोनदा सांगितलं. "यांनी पोरीला चोर ठरवलंय," ती म्हणाली. "गावात पेपर फुटल्याचं बोलतायत. तिचा बाप मास्तर आहे. तुम्ही या."

मी पोचलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन ओसरीवर भाजत होतं. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, मास्तरच्या पोरीनं पेपर विकले, हे मी उतरल्या उतरल्या ऐकलं. मलाही क्षणभर वाटून गेलं, की काय सांगावं, असेलही. संशयाचं असं असतं; कानात शिरला की तो आपलाच वाटतो. घरात नाना ताठ बसून होते. माझ्याशी बोलताना त्यांनी प्रत्येक वाक्य पुराव्यासारखं मांडलं: फ्लॉप्यांना माझ्याशिवाय फक्त तिचा हात लागतो, मी काही केलेलं नाही, म्हणजे ती. मी आधी यंत्र तपासलं. ड्राइव्हचं तोंड साफ केलं. नवी कोरी फ्लॉपी घेऊन तिच्यावर फाईल घेतली, बाहेर काढली, पुन्हा घातली. फाईल व्यवस्थित उघडली. दुसऱ्या फ्लॉपीचंही तेच. म्हणजे ड्राइव्हमध्ये दोष नव्हता. मग मी नानांना म्हटलं, आता या दोन्ही तुम्ही रोजच्यासारख्या ठेवून द्या.

ते मला म्हणाले, तोंड भिंतीकडे करा. मी केलं. पेटी उघडल्याचं ऐकू आलं, बंद झाल्याचं ऐकू आलं, कुलूप लागल्याचं ऐकू आलं, आणि त्यानंतर एक बारीकसा 'टक्' असा आवाज झाला. आम्ही जेवलो. अक्कानं कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला होता. दुपार कलल्यावर फ्लॉप्या बाहेर काढून यंत्रात घातल्या. दोन्ही मेलेल्या.

"नाना," मी विचारलं, "कुलूप लावल्यानंतर तो आवाज कसला?"

ते सांगेनात. त्या अवस्थेतही किल्लीची जागा मला कळू नये, हीच त्यांची काळजी. शेवटी अक्का मधे पडली. ती त्यांच्यापुढं कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशीही मोठ्यानं बोलली नाही. तिनं नुसती पेटी उचलली आणि उलटी केली. तळाला जुन्या लाउडस्पीकरमधलं हाताच्या पंजाएवढं लोहचुंबक पक्कं बसवलेलं होतं, आणि त्याला किल्ली चिकटलेली होती. पूर्वी किल्ली तांदळाच्या डब्यात असायची; ती जागा अक्काला ठाऊक झाली, अशी शंका आल्यामुळे त्यांनी पंधरवड्यापूर्वी ही युक्ती काढली होती. फ्लॉपीवर सगळं लिहिलेलं असतं ते चुंबकाच्याच खुणांनी. लोहचुंबक जवळ आलं की त्या खुणा पुसल्या जातात. हे मी त्यांना समजावू लागलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. दोन प्रती होत्या, पण दोन्ही एकाच पेटीत. त्यांना सगळं कळलं होतं.

त्यानंतर नानांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. मी म्हटलं, शिक्षकांनी हातानं लिहिलेल्या प्रश्नपत्रिका अजून आपल्याकडे आहेत. करुणाची समजूत घालून तिला बोलावू, ती टाइप करून देईल, काम वेळेत होईल. नाना म्हणाले, "नाही. आज गेलो तर तिला वाटेल काम अडलं म्हणून आला. तिच्या जागी मी असतो तर मला तेच वाटलं असतं." त्यांनी सगळे हस्तलिखित कागद गोळा केले, पेटीचं चुंबक स्क्रू काढून पिशवीत घातलं, आणि मला घेऊन शाळेत गेले. शिक्षकांच्या खोलीत सगळे बसलेले असताना त्यांनी चुंबक टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, की पेपर कुणी फोडले नाहीत, फ्लॉप्या माझ्या मूर्खपणानं पुसल्या गेल्या, त्या मुलीचा काडीचाही दोष नाही, आणि तुमचं काम मला आता पुरं करता येत नाही. मुख्याध्यापकांचं तोंड कडू झालं. पुढं त्यांना सगळ्या प्रश्नपत्रिका हातानं स्टेन्सिलवर लिहाव्या लागल्या आणि शाळेचं काम नानांकडे पुन्हा आलं नाही. तिथून आम्ही टपरीवर गेलो. टपरीवर त्यांनी चहा मागवला नाही. उभ्यानंच तेच सगळं पुन्हा सांगितलं, चुंबक दाखवून. एकानं हसून विचारलं, "नाना, पोरीला वाचवताय का?" तर त्यांनी त्याला तिसऱ्यांदा सांगितलं, तितक्याच शांतपणे. संशय कुठल्या रस्त्यानं जातो आणि कुठं कुठं थांबतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग आम्ही करुणाच्या घरी गेलो. छोटं, सारवलेल्या अंगणाचं घर. आत बुद्धाची मूर्ती, तिच्याशेजारी पुस्तकांची फळी. मास्तरांनी आम्हाला बसा म्हटलं. नाना बसले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "मी तुमच्या मुलीवर आळ घेतला. तो खोटा होता. शाळेत आणि टपरीवर सांगून आलोय. तुमच्याकडे आधी यायला हवं होतं, पण म्हटलं, आधी बाहेरचं निस्तरावं."

मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाले, "भाऊ, आमच्यावर संशय घ्यायला लोकांना कारण लागत नाही. तुम्ही खरं कारण शोधून काढलंत आणि ते चारचौघांत सांगितलंत. असं करणारे कमी भेटले. बसा."

तेव्हा नाना बसले. चहा आला. करुणा दारात उभी होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कामावर या, असंही म्हणाले नाहीत. तिनंच थोड्या वेळानं सांगितलं, की मी परत येईन, पण दोन अटी आहेत. आरसा निघाला पाहिजे. आणि पेटीची किल्ली माझ्याकडे राहील.

आरशाला नाना लगेच हो म्हणाले. किल्लीवर मात्र त्यांच्या कपाळावर घाम आला. "विचार करून कळवतो," एवढंच म्हणून ते उठले, आणि मला वाटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्काच्या हाती एक पाकीट पाठवलं, लाखेची मोहोर लावलेलं. आत किल्ली होती. मोहोर कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "अक्का वाटेत उघडून पाहील."

करुणा पुढं चार वर्षं त्यांच्याकडे होती. मग नरडाण्याच्या एका कारखान्यात तिला ऑफिसात नोकरी लागली आणि नानांनी टायपिंगची पाटी उतरवली. दुसरी ऑपरेटर ठेवा, असं लोक म्हणाले. ते म्हणाले, एका माणसावर विश्वास ठेवायला मला इतका वेळ लागला, आता पुन्हा नव्यानं कुठं सुरुवात करू.

अक्का गेल्यावर नाना जळगावला लेकीकडे राहायला आले. घर मेहरूणला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे संध्याकाळी आम्ही बरोबर फिरायला जातो. हल्ली ते कुणावरच संशय घेत नाहीत. भाजीवाली देईल ते पिशवीत घेतात, सुटे पैसे मोजत नाहीत, दार उघडं टाकून बाहेर येतात. लेक म्हणते, बाबा किती निवळले. मला मात्र ते पाहून आत कुठंतरी हलतं. परवा तलावाच्या कठड्यावर बसलो होतो. नानांना चष्मा पुसायचा होता, म्हणून त्यांनी हातातली पिशवी शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे दिली. पिशवीत घराची चावी होती, पाकीट होतं. ते निवांतपणे धोतराच्या सोग्यानं काच पुसत राहिले आणि पाण्यावरच्या बगळ्यांकडे, अंधुक दिसत असूनही, पाहत राहिले. त्या माणसाला मी आपादमस्तक न्याहाळून घेतलं, त्याचं गाव विचारलं, कुणाकडे आलाय ते विचारलं, आणि नानांचा चष्मा पुसून होईपर्यंत त्याच्या हातांवरची नजर काढली नाही.